बाप तुरुंगात, मूल शाळेत

श्रोते हो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो गावात कुणी मोठ्याने बोलत नाही. पारावर त्याची कुजबूज होते. पण ज्याच्या घरची गोष्ट, तो माणूस समोरून येताना दिसला की कुजबूज थांबते. एखादा माणूस तुरुंगात जातो. कुठे बांधावरून मारामारी झालेली असते, कुठे दारूच्या भरात हात उचललेला असतो, कुठे पतपेढीच्या पैशांत अफरातफर झालेली असते, तर कुठे नुसता संशय असतो. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. दोषी असेल तर त्याची शिक्षा तो भोगील. परंतु त्याच्या घरात एक सात-आठ वर्षांचे पोर असते. ते रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाते. त्याने कुणाचे काही बिघडवलेले नसते. त्या पोराविषयी मला आज बोलावयाचे आहे.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो. मी तुरुंगाचा अधिकारी नव्हे, वकीलही नव्हे. आणि समाजसेवक म्हणवून घ्यावे एवढे कामही माझ्या हातून झालेले नाही. मग या विषयावर मी का बोलावे? तर या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती सांगितली तर तुमच्यापैकी कुणाची तरी टळेल, एवढ्यासाठीच बोलतो आहे.

आमचे घर एकत्र. माझा चुलतभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शेताकडे जाणाऱ्या वाटेवरून शेजाऱ्याशी जुना वाद होता. २०११ साली ऐन पेरणीत तो पेटला, काठ्या निघाल्या, आणि त्यात समोरचा माणूस दगावला. भाऊ तुरुंगात गेला. पुढे सात वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्याचा मुलगा सहा वर्षांचा होता, नुकताच पहिलीत बसलेला. माझे चुलते घरातले कर्ते. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितले, "पोराला यातलं काही कळू द्यायचं नाही. बाप मुंबईला कंपनीत लागलाय, एवढंच म्हणायचं." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. एवढ्याशा जिवाला कशाला घोर, असेच प्रत्येकाला वाटत होते.

मुलगा दुसरीत गेला, लिहायला शिकला. दिवाळीच्या सुटीत त्याने वहीचे पान फाडून बापाला पत्र लिहिले. गाईला कालवड झाली आहे, ती कपाळावर पांढरी आहे, तुम्ही कधी येणार, येताना बॅट आणा, एवढाच मजकूर. मी रोज तालुक्याला जातो, म्हणून ते पत्र त्याने माझ्याकडे दिले. म्हणाला, "काका, तिथल्या पेटीत टाका. लवकर जाईल."

मी पत्र खिशात घातले. आणि विचारात पडलो. पत्र तुरुंगात पाठवावे तर तिकडून उत्तर येणार, त्यावर तुरुंगाचा शिक्का असणार, तो पोस्टमन बघणार, पोर बघणार. चुलत्यांना विचारले. ते म्हणाले, "राहू दे. ठेव तुझ्यापाशी." मी ते कॉलेजातल्या टेबलाच्या खणात ठेवले. पुढे दुसरे आले, तिसरे आले. दीड वर्षात नऊ पत्रे त्या खणात जमली. मग पत्रे येणे बंद झाले. आम्ही घरात एकमेकांना म्हणालो, "बरं झालं, पोर रमलं."

पोर रमले नव्हते. आपला बाप आपल्याला उत्तर देत नाही, एवढे त्याला समजले होते, आणि त्याचा जो अर्थ एका लहान मुलाने लावावा तो त्याने लावला होता.

चौथीत असताना कबड्डीच्या डावात भांडण झाले आणि एका मुलाने त्याला सगळ्यांदेखत सांगितले, "तुझा बाप जेलात आहे." गावातल्या पोरासोरांना माहीत होते, त्याला मात्र नव्हते. संध्याकाळी मी परसदारी पाय धूत होतो, तिथे तो येऊन उभा राहिला. बाप कुठे आहे असे त्याने विचारले असते तर काय सांगायचे, हे मी मनाशी केव्हाचे ठरवून ठेवले होते. त्याने ते विचारलेच नाही. तो म्हणाला, "काका, माझी पत्रं कुठं गेली?"

श्रोते हो, एवढी वर्षे मी वर्गात उभा राहून शिकवतो आहे. पण त्या प्रश्नापुढे मला एक शब्द सुचला नाही.

पुढच्या आठवड्यात मी रजा काढली, ती नऊ पत्रे घेतली आणि मुलाला घेऊन एस्टीत बसलो. वाटेत त्याला सगळे सांगितले. मारामारी झाली. तुझ्या पप्पांच्या हातून एक माणूस मेला. ते फार वाईट झाले. म्हणून न्यायालयाने शिक्षा दिली. अजून काही वर्षे आहेत. ती संपली की ते घरी येतील. यात तुझी काही चूक नाही. त्याने ऐकून घेतले, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला, आणि मग विचारले, "तिथं जेवायला देतात का?"

भेटीच्या खोलीत मध्ये काच होती आणि दोन्ही बाजूंना फोनचे रिसिव्हर होते. बापाला बघून तो आधी बिचकला. मग रिसिव्हर कानाला लावून पहिले वाक्य बोलला ते असे, "कालवड आता गाभण आहे." भाऊ नुसता "हो का?" म्हणाला, आणि मग दोघेही वेळ संपेपर्यंत गाईगुरांबद्दलच बोलत राहिले.

पत्रे आम्ही फाटकावर दिली. अधिकाऱ्यांनी वाचून ती आत पोहोचवली. पंधरा दिवसांनी घरी पहिले उत्तर आले, मग दुसरे. भावाने नऊच्या नऊ पत्रांना क्रमाने उत्तरे लिहिली. पहिल्या उत्तरात विचारले होते, कालवडीचे नाव काय ठेवले? त्याच महिन्यात मला त्याने वेगळे लिहिले. पोराला सांगू नका, असे आमच्या वहिनींना भेटीत तोच म्हणत असे. आणि पोर पत्रे लिहिते हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आत बसलेल्या माणसाला आणखी कशाला रडवायचे, म्हणून. दीड वर्ष त्याला वाटत होते की पोर आपल्याला विसरले. इकडे पोराला वाटत होते, बाप विसरला. आणि दोघांच्या मध्ये तुरुंगाची भिंत होती म्हणावे, तर ते खरे नाही. माझ्या टेबलाचा खण होता.

ही झाली एका घरातली गोष्ट. आता थोडे आकडे सांगतो, म्हणजे ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही हे ध्यानात येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने जी माहिती छापली आहे, तीप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस आपल्या देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. त्यांतली दर चारांमागे सुमारे तीन माणसे न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा आहे अशी होती. यांतले कितीतरी जण कुणाचे तरी आईबाप आहेत. बंद्याची नोंद नीट होते. क्रमांक मिळतो, खाते असते, तारीख असते. त्याच्या घरी राहिलेल्या मुलाची नोंद असते ती फक्त एका ठिकाणी, शाळेच्या हजेरीपटावर. म्हणून मी शिक्षकांना उद्देशून मुद्दाम बोलतो आहे.

तुरुंगातून मुलांशी नाते राखणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. पंडित नेहरूंनी १९३० पासून १९३३ पर्यंत निरनिराळ्या तुरुंगांतून आपल्या मुलीला पत्रे लिहिली. इंदिरा तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या पत्रांतून जगाचा इतिहासच तयार झाला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे तर शिक्षकांना सांगायला नको. बंद दारामागे बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी आठवते ते घर, आणि घरात आई नाहीतर मूल.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, ते देशासाठी तुरुंगात गेले होते. त्यांची आणि चोराची, खुन्याची बरोबरी कशी करता? रास्त आहे. मी माणसांची बरोबरी करीत नाही. फक्त मुलांची करतो. ज्या मुलीचा बाप देशासाठी तुरुंगात गेला, तिला सांगायला अभिमान होता, गाव तिच्या पाठीशी होते. ज्या मुलाचा बाप चोरी करून गेला, त्याच्यापाशी अभिमान नाही आणि गावही नाही. मग आधाराची अधिक गरज कुणाला?

आणि अपराधी माणसाचे घर त्याच्यापासून तोडू नये, हा विचारही आपल्या मातीत रुजलेला आहे. स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी राहिली. पोलंडमध्ये जन्मलेले मॉरिस फ्रिडमन या संस्थानात काम करीत. कल्पना त्यांची आणि पाठबळ औंधच्या राजेसाहेबांचे. बंद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी आणि आपल्या बायकामुलांना जवळ ठेवावे, अशी ती रीत. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट सगळ्यांनी पाहिला. पण त्या वसाहतीत बंद्यांची मुलेही राहत, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही.

असो. आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, मुलाला खरे सांगावे. सगळे सांगावे असे नव्हे. त्याच्या वयाला पेलेल तेवढे. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरते की, मोठ्या माणसांच्या हातून चूक झाली तर त्यांना काही दिवस एका ठिकाणी राहावे लागते, तिथून लगेच येता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला गुन्हा कोणता, तेही साध्या शब्दांत सांगता येते. निकाल लागलेला नसेल तर 'अजून ठरायचे आहे' असेच सांगावे. पुढच्या महिन्यात सुटेल, दिवाळीला येईल, असले वायदे करू नयेत. आणि दोन वाक्ये न विसरता सांगावीत. एक, 'यात तुझी चूक नाही.' लहान मुले फार विचित्र हिशेब मांडतात. मी बॅट मागितली म्हणून पप्पा गेले, असेही त्यांना वाटते. दुसरे वाक्य, 'वाटेल तेव्हा मला विचार.' घरात कुणी सांगितले नाही तर मुलाला ते कबड्डीच्या मैदानावर कळते, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

दुसरी गोष्ट, पत्र. आज हातोहाती मोबाईल झाले आहेत, पत्र कोण लिहितो, असे तुम्हांला वाटेल. पण तुरुंगातल्या माणसाच्या हातात मोबाईल नसतो. त्याच्यासाठी टपाल अजून जिवंत आहे. पत्रावर बंद्याचे पूर्ण नाव, त्याचा बंदी क्रमांक आणि तुरुंगाचे नाव नीट लिहावे. पत्र अधिकारी वाचतात, हे धरून चालावे. म्हणून त्यात खटल्याची, साक्षीदारांची, भांडणाची भाषा आणू नये. मुलाला जे लिहायचे असते ते तसेही वेगळेच असते. शाळेत काय झाले, कुत्र्याला पिल्ले किती झाली, गणितात किती गुण पडले. अक्षर येत नसेल तर चित्र काढू द्यावे, पाटीवरचा तळहात कागदावर गिरवू द्यावा. शिक्षकांनी एवढे केले तरी खूप होईल: पत्रलेखनाचा तास येतो तेव्हा त्या मुलाला बाजूला घेऊन हळूच म्हणावे, 'तुला खरे पत्र लिहायचे असेल तर लिही, मी टाकतो.' आणि मग ते पत्र खरोखर टाकावे.

तिसरी गोष्ट, प्रगतिपुस्तक. त्याची एक प्रत काढून तुरुंगात पाठवता येते. आत बसलेल्या बापाला मुलाचे गुण कळतात, तो चार ओळी लिहितो, मुलाला वाटते की आपल्यावर कुणाचे तरी लक्ष आहे. माणूस तुरुंगात गेला तरी त्याचे बापपण रद्द होत नाही. 'मुलाला कुठल्या शाळेत घालू?' 'मुलीला सायकल घेऊ का?' असे त्याला विचारावे. उत्तर काय येते हे महत्त्वाचे नाही. विचारले हे महत्त्वाचे.

चौथी गोष्ट, भेट. तुरुंगातल्या भेटीला आपल्याकडे 'मुलाखत' म्हणतात. तिचे दिवस, वेळ, किती माणसांना सोडतात, हे प्रत्येक तुरुंगात आणि बंदी न्यायाधीन आहे की शिक्षा झालेला आहे यावर ठरते. म्हणून आधी चौकशी करून जावे, नाहीतर शंभर मैलांचा हेलपाटा होतो. ओळखीचे कागद लागतात. मुलाचे आधार कार्ड नसेल तर शाळेच्या बोनाफाईड दाखल्याचा उपयोग होऊ शकतो. मुख्याध्यापकांनी तो देताना 'कशाला हवा?' असे चारचौघांत विचारू नये. त्या दिवशीची गैरहजेरी रजेत धरावी. मुलाला आधी सांगून ठेवावे की तिथे झडती होईल, मध्ये काच किंवा जाळी असेल, वेळ थोडा मिळेल, पप्पा बारीक झालेले दिसतील. आधी सांगितलेले असले की मूल घाबरत नाही. आणि ती वीस-पंचवीस मिनिटे वकिलाच्या आणि पैशाच्या बोलण्यात सगळी घालवू नयेत. थोडी मुलासाठी राखून ठेवावीत. परत आल्यावर मूल दोन दिवस गप्प राहते, चिडते, अंथरूणही ओले करते. त्यावरून 'भेट नकोच होती' असा निष्कर्ष काढू नये. वियोगाचे दुःख आधीपासूनच होते. भेटीने ते बाहेर आले, इतकेच.

२०२० साली साथीमुळे तुरुंगांतल्या भेटी बंद पडल्या, तेव्हा पडद्यावरून भेटण्याची सोय वाढली. तिला 'ई-मुलाकात' म्हणतात. त्यासाठी संगणकावर किंवा मोबाईलवर आधी नाव नोंदवावे लागते. गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेच्या संगणकावर ही नोंद करून देणे शिक्षकांना अवघड नाही. पण पडद्यावरच्या भेटीने प्रत्यक्ष भेटीची तहान भागत नाही, हेही खरे. महाराष्ट्राच्या काही तुरुंगांत २०१६ च्या सुमारास 'गळाभेट' नावाचा उपक्रम सुरू झाला. ठरवलेल्या दिवशी बंद्यांच्या सोळा वर्षांखालच्या मुलांना आत घेतात, मध्ये काच नाही, जाळी नाही. मूल बापाच्या मांडीवर बसू शकते. असा दिवस केव्हा आहे, हे तुरुंगाच्या कार्यालयात विचारत राहावे. विचारणारा असला तर सोय टिकते.

शिक्षा झालेल्या बंद्याला नियमाप्रमाणे काही दिवस घरी येता येते. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजेच फर्लो आणि पॅरोल. आपल्याकडे याचे नियम १९५९ पासून आहेत. तो असा घरी आला म्हणजे गावाने काय करावे? काही करू नये. त्याला बघायला जमू नये. मुलाचे बोट धरून तो बाजारात चालला असेल तर चालू द्यावे.

आता आईविषयी. बाप तुरुंगात गेला तर आई घर सांभाळते, आजी असते. आई गेली तर पुष्कळदा घरच मोडते, आणि तिला भेटायला कुणी जात नाही. तुरुंगातल्या आईला सहा वर्षांपर्यंतचे मूल आपल्याजवळ ठेवता येते. २०२२ अखेर देशात १,५३७ स्त्रिया आपल्या १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये या मुलांसाठी स्पष्ट आदेश दिले. ही मुले म्हणजे बंदी नव्हेत; त्यांना खाणे, कपडे, औषध, शिक्षण, खेळ मिळालेच पाहिजे. जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल आईच्या इच्छेप्रमाणे योग्य माणसाकडे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत जावे. आणि संस्थेत असले तर त्याला आठवड्यातून निदान एकदा आईला भेटवावे. सहावे वर्ष म्हणजे पहिलीचे वर्ष. गुरुजी, जे मूल तुमच्या वर्गात रडत बसले आहे आणि इतरांसारखे चार दिवसांत रुळत नाही, ते कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच आईवाचून झोपलेले असेल.

पैशाचेही बोलले पाहिजे. मिळवता माणूस आत गेला की मुलाची शाळा सुटते. भेटीला जायला एस्टीचे भाडे नसते. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आईबाप मुलाला सांभाळू शकत नाहीत, तेव्हा जवळच्या कुटुंबात त्याचे संगोपन व्हावे म्हणून ही मदत मिळते. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. शिक्षकाने अर्ज भरून दिला तर आजीचे चार हेलपाटे वाचतात. तुरुंगातल्या माणसाला, तसेच स्त्रियांना आणि मुलांना, १९८७ च्या कायद्याप्रमाणे वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जावे. मूल संकटात दिसले तर १०९८ हा फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. नाते जोडावे, पण जबरदस्तीने नव्हे. बापाने त्याच मुलावर अत्याचार केलेला असेल, किंवा मुलाच्या डोळ्यांदेखत आईचा जीव घेतलेला असेल, तर 'कसा झाला तरी बाप आहे' असे म्हणून मुलाला काचेपुढे उभे करू नये. अशा वेळी प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, तिचा सल्ला घ्यावा. मूल नको म्हणत असेल तर त्याचे नको ऐकावे; पुढे कधी हवे म्हणाले तर तेही ऐकावे. एवढेच की, मोठ्यांच्या भांडणासाठी, सासर-माहेरच्या रागासाठी मुलाला तोडू नये.

शेवटी शाळेतल्या वागण्याविषयी. शिक्षकाला घरची माहिती असावी, पण ती शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरू नये. अर्जावर बापाचा व्यवसाय लिहायचा असतो, तिथे मूल अडखळले तर मोठ्याने विचारू नये. वर्गात एखादी वस्तू हरवली तर पहिली नजर त्या मुलाकडे वळते. ती आपली स्वतःची नजर आधी आवरावी. आणि रागाच्या भरातसुद्धा 'बापाच्या वळणावर चाललास' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. असे वाक्य मूल विसरत नाही. पुष्कळदा ते खरे करून दाखवते.

तुम्ही विचाराल, एवढे करून उपयोग काय होतो? मी आमच्या घरापुरते सांगू शकतो. माझा भाऊ सुटून घरी आला त्यालाही आता काही वर्षे झाली. तो शेती बघतो. मुलगा आयटीआय करून वायरमनचे काम करतो. त्यांचे फार गोडीगुलाबीचे आहे असे नाही. विहिरीवरच्या मोटारीवरून दोघांचे परवाच कडाक्याचे भांडण झाले, दोन दिवस बोलणे नव्हते. मी मनात म्हटले, भांडू देत. भांडायलाही माणूस ओळखीचा लागतो. ज्या घराची शेवटपर्यंत वाट बघितली जाते आणि जे घर शेवटपर्यंत आपली वाट बघते, तिथे परत आलेला माणूस चार पावले सरळ चालण्याची उमेद धरतो. आणि त्याच्या हातून ज्यांचा माणूस गेला, त्या घरातही मुले आहेत, हेही आम्ही विसरत नाही. ती मुले माझ्या पुतण्याच्याच शाळेत होती. त्यांचे दुःख वेगळे आणि मोठे. त्यावर स्वतंत्रपणे बोलले पाहिजे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या वर्गात गेलात की हजेरी घेताना थोडे सावकाश घ्या. एखादे नाव असे असेल की ज्याचा बाप किंवा आई अशा ठिकाणी आहे. त्याला काही विचारू नका. मधल्या सुटीत त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला मात्र निरोप पाठवा आणि विचारा, मुलाला काय सांगितले आहे? पत्र जाते का? भेटीला कुणी नेते का? आणि श्रोते हो, तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असे एखादे मूल असेल आणि त्याने कधी तुमच्या हातात एखादा घडी केलेला कागद दिला, तर तो खणात ठेवू नका. तालुक्याला जाल तेव्हा पेटीत टाका.